वऱ्हाडातील साठवणीच्या पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण व त्यातील उपपदार्थ : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : अमरावती व अकोला जिल्हे)

प्रस्तावना

पाण्याच्या शुद्धीकरणाचा इतिहास बहुधा धरणे, जलवाहिन्या आणि जलशुद्धीकरण केंद्रे यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. नळापर्यंत पाणी आले की तो इतिहास संपतो. वऱ्हाडातील माणूस मात्र नळाचे पाणी थेट क्वचितच पितो. तो रांजणातले, माठातले, गुंडातले, ड्रममधले किंवा गच्चीवरील प्लॅस्टिकच्या टाकीतले पाणी पितो. केंद्रातून निघालेले पाणी आणि ओठाला लागणारे पाणी यांच्यामध्ये कधी काही तासांचे, तर कधी काही दिवसांचे अंतर असते. या अंतरात पाण्यात मिसळलेला क्लोरीन हळूहळू संपतो आणि त्याच वेळी पाण्यातील सेंद्रिय द्रव्याशी त्याचा संयोग होऊन काही नवे पदार्थ तयार होतात. या पदार्थांना निर्जंतुकीकरणाचे उपपदार्थ असे म्हणतात. क्लोरोफॉर्म व त्याच्या वर्गातील ट्रायहॅलोमिथेन हे त्यांपैकी सर्वाधिक परिचित होत.

अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत पाणी शुद्ध राखण्याची जबाबदारी विहिरीकडून तलावाकडे, तलावाकडून केंद्राकडे आणि अखेर पुन्हा घरातील भांड्याकडे कशी आली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. उपपदार्थांचा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नसून तो पाणीपुरवठ्याच्या इतिहासातून निर्माण झालेला प्रश्न आहे, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

विहिरीचे पाणी, पटकी आणि लाल औषध

इ. स. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्या काळी प्रांताची तहान मुख्यतः विहिरी, नदीतील झिरे आणि तलाव भागवीत असत. उत्तरेस मेळघाटचा डोंगराळ भाग, दक्षिणेस बालाघाटची रांग आणि मध्ये पूर्णेचे सपाट खोरे अशी या प्रदेशाची रचना आहे. उन्हाळ्यात झिरे आटत, विहिरी तळ गाठीत आणि उरलेल्या थोड्या पाण्यावर अनेकांचा भार पडे. पटकीची साथ अशा पाण्यातूनच पसरे. रोगाचे कारण ठाऊक नसलेल्या समाजाने त्याला मरीआईचा कोप मानले आणि गावाच्या वेशीबाहेर तिचे ठाणे मांडले.

पटकीचा पाण्याशी असलेला संबंध लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिला होता, तर १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाच्या जंतूचा शोध पक्का केला. तरीही हे ज्ञान गावच्या विहिरीपर्यंत पोहोचण्यास बराच काळ लागला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडाला ग्रासले व पाठोपाठ साथी आल्या. वऱ्हाडाची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती. ती १९०१ च्या जनगणनेत सुमारे २७.५ लाखांवर आली. भूक आणि दूषित पाणी यांचा हा संयुक्त परिणाम होता.

याच सुमारास आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपाय पुढे आणला आणि तो देशाच्या निरनिराळ्या प्रांतांत पसरला. विहिरीचे पाणी गुलाबी होई, म्हणून लोक त्यास लाल औषध म्हणत. रंग ओसरला की पाणी पिण्याजोगे झाले, असा साधा संकेत होता. शुद्धीकरण पाण्याच्या उगमापाशीच होत असे आणि औषध टाकल्याचे डोळ्यांना दिसत असे, या दोन गोष्टी येथे नोंद घेण्याजोग्या आहेत. परमँगनेटमुळे ट्रायहॅलोमिथेन तयार होत नाहीत. परंतु त्याची जंतुनाशक शक्ती मर्यादित होती आणि विहिरीतून पाणी काढल्यानंतर घरच्या भांड्यात त्याचे संरक्षण उरत नसे.

घराघरांत पाळल्या जाणाऱ्या रीतींना या पार्श्वभूमीवर महत्त्व येते. पाणी फडक्याने गाळून भरणे, पिण्याची भांडी उंच घडवंचीवर ठेवणे, भांड्यात हात न बुडविता ओगराळ्याने पाणी घेणे आणि रोज सकाळी शिळे पाणी ओतून ताजे भरणे, हे नियम स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. त्यांमागे सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना होत्या, जातिभेदाची कठोर बंधनेही होती. सार्वजनिक विहिरीवर सर्वांना सारखा हक्क नव्हता, हे विसरून चालणार नाही. तथापि साठवणीचा काळ एका दिवसापुरता मर्यादित ठेवणारी ही रीत आरोग्याच्या दृष्टीनेही उपयुक्त होती.

क्लोरीनचे आगमन

इंग्लंडमध्ये मेडस्टन येथे १८९७ मध्ये विषमज्वराच्या साथीत विरंजक चूर्णाने जलवाहिन्या निर्जंतुक करण्यात आल्या. १९०५ मध्ये लिंकन येथे सलग क्लोरिनीकरण सुरू झाले, तर १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीने मोठ्या प्रमाणावर ही पद्धत स्वीकारली. या इतिहासाला भारतीय धागाही आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील व्ही. बी. नेसफिल्ड या अधिकाऱ्याने १९०३ मध्येच पिण्याच्या पाण्यासाठी द्रवरूप क्लोरीनचा वापर सुचविला होता.

अमरावतीला वडाळी तलावाने आणि अकोल्याला कापशी तलावाने ब्रिटिश अमदानीत पाणी पुरविले. कापसाच्या व्यापाराने वाढलेल्या या शहरांची गरज तलावांच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा दूरच्या नद्यांकडे वळावे लागले. आज अमरावतीचे पाणी मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणातून येते, तर अकोल्याचे पाणी बार्शीटाकळी तालुक्यातील महान येथील काटेपूर्णा धरणातून येते. तुरटीने गाळ बसविणे, वाळूच्या थरांतून गाळणे आणि शेवटी क्लोरीन देणे ही त्रिस्तरीय पद्धत रूढ झाली.

खेड्यांसाठी नागपूरचे योगदान विशेष आहे. १९५८ मध्ये तेथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात नीरी, असे झाले. विहिरीत सोडावयाच्या दुहेरी मडक्याची पद्धत या संस्थेने विकसित केली. एकात एक ठेवलेल्या दोन मडक्यांपैकी आतल्या मडक्यात १ किलो विरंजक चूर्ण व २ किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण भरावयाचे आणि ते विहिरीच्या पाण्यात सोडून द्यावयाचे. भोकांतून क्लोरीन सावकाश झिरपतो व लहान विहीर दोन-तीन आठवडे संरक्षित राहते. पुढे ग्रामपंचायतीच्या टाकीत टी.सी.एल. पावडर टाकणे आणि ओ.टी. चाचणीने पाण्याचा पिवळा रंग तपासणे हे ग्रामीण महाराष्ट्रातील परिचित दृश्य झाले. ताज्या चूर्णात सुमारे ३३ टक्के क्लोरीन उपलब्ध असतो. ओलावा, ऊन व हवा लागल्यास तो झपाट्याने घटतो. पोत्याचे तोंड उघडे राहिले, तर पावडर पांढरीच दिसते, पण तिच्यातील बळ गेलेले असते.

क्लोरीनचे वैशिष्ट्य असे की, तो जंतू मारल्यानंतरही काही अंशी पाण्यात शिल्लक राहतो. या शिल्लक भागामुळे पाण्याला पुढील प्रवासातही संरक्षण मिळते. नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त अवशिष्ट क्लोरीन असावा, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. लाल औषधापेक्षा क्लोरीन श्रेष्ठ ठरला तो याच गुणामुळे. पुढे ज्या प्रश्नाने जगाचे लक्ष वेधले, त्याचे मूळही याच गुणात होते.

१९७४ : नव्या प्रश्नाचा उदय

नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये असे दाखविले की, नदीच्या पाण्यातील कुजलेल्या वनस्पतींच्या अंशांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म व तत्सम पदार्थ तयार होतात. त्याच वर्षी अमेरिकेतील बेलर व लिक्टेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने मोठ्या मात्रेतील क्लोरोफॉर्ममुळे उंदरांमध्ये कर्करोग होतो, असे जाहीर केले. एकेकाळी शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी वापरलेला पदार्थ अल्प प्रमाणात का होईना, पिण्याच्या पाण्यात आहे, ही कल्पना अस्वस्थ करणारी होती.

अमेरिकेने १९७९ मध्ये एकूण ट्रायहॅलोमिथेनवर लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली व १९९८ मध्ये ती ८० केली. भारतात भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आय.एस. १०५०० च्या २०१२ मधील सुधारित आवृत्तीत, लिटरमागे क्लोरोफॉर्म ०.२ मिलिग्रॅम, ब्रोमोडायक्लोरोमिथेन ०.०६ मिलिग्रॅम, तर डायब्रोमोक्लोरोमिथेन व ब्रोमोफॉर्म प्रत्येकी ०.१ मिलिग्रॅम अशा मर्यादा नमूद आहेत. मानवी लोकसंख्येवरील काही अभ्यासांत दीर्घकाळ क्लोरिनयुक्त पाणी पिणे आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला आहे. मात्र आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये क्लोरिनयुक्त पिण्याचे पाणी कर्करोगकारक ठरविण्यास पुरावा अपुरा मानला, तर क्लोरोफॉर्मला संभाव्य कर्करोगकारकांच्या गटात ठेवले.

साठवण : गरजेतून आलेली सक्ती

पूर्णा खोऱ्यातील सुमारे ४.७ लाख हेक्टरचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. येथील भूजल खारे असल्याने विहीर घराशेजारी असूनही तिचे पाणी पिता येत नाही. म्हणून शहानूर, वान, काटेपूर्णा यांसारख्या धरणांवर आधारित प्रादेशिक नळयोजना उभ्या राहिल्या. दर्यापूर-अंजनगाव भागासाठी शहानूरची, तेल्हारा-अकोट भागासाठी वानची, तर अकोला परिसरातील खेड्यांसाठी खांबोऱ्याची योजना ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या योजनांमुळे गोड पाणी मिळाले, पण पाण्याचा प्रवास लांबला. शेकडो किलोमीटरच्या नलिकाजालातून शेवटच्या गावापर्यंत रोज पाणी नेणे कठीण असल्याने पाळीने पुरवठा करण्याची पद्धत पडली.

शहरांचेही चित्र फारसे वेगळे नाही. अमरावतीत अनेक उन्हाळ्यांत एक दिवसाआड, तर अकोल्यात तीन-चार दिवसांआड व टंचाईच्या वर्षी त्याहूनही विलंबाने पाणी येत गेले. वऱ्हाडात ‘नळ आले’ असे म्हणतात. नळ ही भिंतीत कायम असलेली वस्तू न राहता पाहुण्यासारखी येणारी-जाणारी गोष्ट झाली, हे या शब्दप्रयोगावरून ध्यानात येते. पाहुणा पुन्हा केव्हा येईल याची शाश्वती नसल्याने प्रत्येक घराने आपली साठवण वाढविली. पितळी गुंड व मातीचा रांजण यांच्या जोडीला सिमेंटचे हौद, प्लॅस्टिकचे ड्रम आणि गच्चीवरील काळ्या टाक्या आल्या. रोज शिळे पाणी ओतून देण्याची जुनी रीत अशा स्थितीत टिकणे शक्य नव्हते.

भांड्यात घडणारे रासायनिक बदल

उपपदार्थांची निर्मिती मुख्यतः पाच गोष्टींवर अवलंबून असते : पाण्यातील सेंद्रिय द्रव्य, क्लोरीनची मात्रा, संपर्काचा काळ, तापमान आणि पाण्याची आम्लता अथवा अल्कता. वऱ्हाडात उन्हाळ्यात यांपैकी अनेक गोष्टी एकत्र येतात. धरणातील साठा घटला की शेवाळ व गाळाचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे क्लोरीनची मागणीही वाढते. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा गच्चीवरील काळी टाकी दिवसभर तापत असते. पाणी अनेक दिवस साठून राहते. उष्णता, काळ व सेंद्रिय अंश यांचा असा मेळ उपपदार्थांना अनुकूल असतो.

खाऱ्या पाण्याचा आणखी एक पैलू आहे. क्षाराबरोबर पाण्यात ब्रोमाइड असल्यास क्लोरीन त्याचे रूपांतर क्रियाशील ब्रोमीनमध्ये करतो आणि मग क्लोरोफॉर्मऐवजी ब्रोमीनयुक्त ट्रायहॅलोमिथेन अधिक तयार होतात. भारतीय मानकात या पदार्थांच्या मर्यादा क्लोरोफॉर्मपेक्षा कडक आहेत. त्यामुळे खाऱ्या विहिरीच्या पाण्यात टी.सी.एल. टाकून ते वापरणाऱ्या गावाची तपासणी केवळ क्लोरोफॉर्म मोजून पूर्ण होत नाही.

तथापि साठवणीमुळे उपपदार्थ अखंड वाढतच जातात, असे समजणे चुकीचे ठरेल. क्लोरीन संपला की ट्रायहॅलोमिथेनची निर्मिती जवळजवळ थांबते. क्लोरोफॉर्म सहज उडून जाणारा पदार्थ आहे. त्याचा उत्कलनांक सुमारे ६१ अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे रुंद तोंडाच्या भांड्यात त्याचे प्रमाण घटते आणि पाणी उकळल्यास बरेचसे निघून जाते. हॅलोअॅसिटिक आम्ले हा उपपदार्थांचा दुसरा वर्ग मात्र तसा उडून जात नाही. घट्ट झाकणाच्या टाकीत ट्रायहॅलोमिथेन टिकून राहतात. मातीच्या माठात क्लोरीन लवकर संपतो, कारण भांड्याच्या सच्छिद्र भिंतीवरील सेंद्रिय थर त्याला शोषून घेतो. तळाशी गाळ साचलेल्या भांड्यात पुन्हा पुन्हा क्लोरीन टाकल्यास दर वेळी नव्याने उपपदार्थ तयार होतात व जंतूंसाठी मात्र क्लोरीन कमी पडतो.

येथे या प्रश्नाचा गाभा स्पष्ट होतो. साठवणीच्या सुरुवातीच्या तासांत पाण्यात क्लोरीन असतो व उपपदार्थ तयार होत असतात. पुढील दिवसांत क्लोरीन संपतो आणि पाणी जंतूंपुढे निराधार होते. म्हणजे दीर्घ साठवणीत उपपदार्थांची किंमत मोजूनही शेवटच्या दिवशी संरक्षण हाती उरत नाही. शिळ्या पाण्याविषयीची जुनी समजूत वेगळ्या कारणांनी निर्माण झाली होती. तरीही अवशिष्ट क्लोरीनच्या बाबतीत ती अनपेक्षितपणे खरी ठरते.

दोन धोक्यांची तुलना

उपपदार्थांच्या भीतीने क्लोरीन सोडून द्यावा काय, हा प्रश्न जगाने एकदा अनुभवला आहे. १९९१ मध्ये पेरू देशात पटकीची मोठी साथ आली. त्या वर्षी तीन लाखांहून अधिक रुग्ण झाले व सुमारे २,९०० मृत्यू घडले. कर्करोगाच्या भीतीने तेथे क्लोरिनीकरणाकडे दुर्लक्ष झाले, असे त्या वेळी सांगितले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र हे कारण अतिरंजित असल्याचे दाखवून जीर्ण जलवाहिन्या, अपुरे शुद्धीकरण आणि सांडपाण्याची दुरवस्था यांकडे बोट दाखविले. घरगुती क्लोरिनीकरणाविषयी डॅनिएल लँटाग्ने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम केनियात केलेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही उद्बोधक आहे. तेथे गढूळ व स्वच्छ अशा दोन्ही पाण्यांत घरगुती मात्रेने क्लोरीन मिसळल्यावर ट्रायहॅलोमिथेनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेपलीकडे गेले नाही. याच संघटनेची भूमिकाही स्पष्ट आहे : उपपदार्थ कमी करावेत, पण त्यासाठी निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये.

वऱ्हाडाला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी व कोयलारी या गावांत पटकीची साथ उद्भवली. नळाचे पाणी बंद असल्याने लोकांनी उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायले. शेकडोंना लागण झाली आणि काहींना प्राण गमवावे लागले. उपपदार्थांचा संभाव्य धोका आयुष्यभराच्या सेवनाने मोजला जातो, तर जंतूंचा धोका काही तासांत घर रिकामे करतो. एकोणिसाव्या शतकातील मरीआई एकविसाव्या शतकातही मेळघाटच्या पायवाटेने परत येऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

मात्र म्हणून उपपदार्थांचा प्रश्न झाकून ठेवणेही योग्य नाही. क्लोरीन कमी न करता उपपदार्थ कमी करण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. क्लोरीन देण्यापूर्वी तुरटी व गाळणीने सेंद्रिय द्रव्य काढून टाकणे, गाळणीपूर्वीच्या क्लोरीनची मात्रा मर्यादित ठेवून मुख्य मात्रा गाळणीनंतर देणे आणि लांबच्या जलवाहिनीत एकाच ठिकाणी मोठी मात्रा देण्याऐवजी टप्प्याटप्प्याने लहान मात्रा देणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. घरच्या पातळीवर पाणी गाळून भरणे, टाकीचा तळ नियमित घासून काढणे, टाकीला सावली देणे आणि पिण्याचे पाणी वापरण्याच्या पाण्यापासून वेगळ्या लहान भांड्यात ठेवणे पुरेसे उपयुक्त ठरते. डासांच्या प्रतिबंधासाठी सांगितला जाणारा आठवड्याचा कोरडा दिवस या कामीही येतो. परंतु ज्या घरी चार दिवसांनी नळ येतो, त्या घरास भांडी कोरडी ठेवण्याचा उपदेश करणे सोपे आणि पाळणे अवघड असते.

निष्कर्ष

१. वऱ्हाडात निर्जंतुकीकरणाची जागा विहिरीकडून केंद्राकडे सरकली, तरी खंडित पुरवठ्यामुळे पाण्याच्या शुद्धतेचा शेवटचा टप्पा घरातील भांड्यातच राहिला. या टप्प्याची जबाबदारी प्रामुख्याने स्त्रियांवर पडली आणि तिची नोंद कोणत्याही जलयोजनेच्या अहवालात सहसा होत नाही.

२. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे नळापाशी मोजले जाते, तर प्यायले जाते ते अनेक तास अथवा दिवस साठवलेले पाणी. अवशिष्ट क्लोरीन व उपपदार्थ या दोहोंची तपासणी साठवणीच्या भांड्यातही, पहिल्या व शेवटच्या दिवशी, होणे आवश्यक आहे. खारपाणपट्ट्यात ब्रोमीनयुक्त उपपदार्थांचा तीत समावेश असावा.

३. उपपदार्थांच्या भीतीने क्लोरीन टाळणे इतिहासाच्या व विज्ञानाच्या दोन्ही कसोट्यांवर घातक ठरते. कमी करावयाचा आहे तो क्लोरीन नव्हे, तर पाण्यातील सेंद्रिय द्रव्य आणि साठवणीचा काळ.

४. साठवणीचा काळ घरातील स्त्री ठरवीत नाही, पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक ठरविते. म्हणून अमरावती-अकोल्यातील उपपदार्थांच्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेइतकेच पाण्याच्या पाळीत दडलेले आहे. नळ रोज येऊ लागल्यास गुंडातील पाणी पुन्हा रोज ताजे होईल आणि क्लोरीनला त्याचे काम करण्यास पुरेसा, परंतु नको ते पदार्थ घडविण्यास अपुरा वेळ मिळेल.